घरची शाळा आणि चार मुलांची शाळा

मुलांच्या शिक्षणाविषयीं सुशिक्षित कुटुंबांत जी चर्चा नेहमीं चालते तींत अलीकडे एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. पूर्वीं वाद असे तो कोणती शाळा चांगली, एवढाच. आतां शाळा हवीच कशाला, असें कांहीं आईबाप गंभीरपणें विचारूं लागले आहेत. ज्यांच्या गांवीं शाळा नाहीं किंवा ज्यांना फी परवडत नाहीं असे हे लोक नव्हेत. ते शिकलेले आहेत, त्यांच्या घरीं पुस्तकें आहेत, आणि मुलापाशीं बसावयाला वेळ काढण्याची त्यांची तयारी आहे. पुण्यामुंबईकडची ही गोष्ट आमच्या छत्रपति संभाजीनगरांतहि आतां कानीं येऊं लागली आहे. या आईबापांचें म्हणणें थोडक्यांत असें : सकाळीं सात वाजतां मुलाला गाडींत कोंबावयाचें, दुपारीं तें थकून परत यावयाचें, संध्याकाळीं त्याच विषयांच्या शिकवणीला पुन्हां जावयाचें, आणि इतकें होऊनहि त्याला एक प्रश्न स्वतःचा म्हणून पडूं नये, तर हा खटाटोप कोणासाठीं? २०२० च्या मार्चांत शाळा बंद झाल्या तेव्हां पुष्कळांनीं आपल्या मुलाचा अभ्यास प्रथमच जवळून पाहिला. कित्येकांना शिक्षकांची किंमत कळली. कांहींना मात्र हें काम आपण शाळेहून बरें करूं असा भरंवसा आला, आणि तो त्यांनीं शाळा उघडल्यावरहि सोडला नाहीं.

या मंडळींना विक्षिप्त म्हणून उडवून लावणें सोपें आहे. आम्हांला तसें करावयाचें नाहीं. पोटच्या मुलासाठीं रोजचे चार-पांच तास देऊं करणारा माणूस आदरास पात्र आहे, आणि त्याचा युक्तिवादहि पोकळ नाहीं.

कायद्याची स्थिति प्रथम सांगितली पाहिजे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेंत घालणें हें आईबापांचें कर्तव्य, असें त्याचें दहावें कलम म्हणतें. परंतु तें न पाळणाऱ्या आईबापाला त्यांत शिक्षा सांगितलेली नाहीं. संविधानांत २००२ च्या दुरुस्तीनें पालकांचें जें कर्तव्य घातलें गेलें तें मुलाला शिक्षणाची संधि देण्याचें आहे; शाळेचें नांव तेथें नाहीं. शिवाय राष्ट्रीय मुक्त विद्यालय १९८९ पासून चालू आहे आणि पुढें राज्याचेंहि तशाच प्रकारचें मंडळ निघालें, त्यामुळें वर्गांत न बसतां परीक्षा देतां येते. म्हणजे कायद्यानें पुढच्या दारानें जाण्याची सक्ती केली खरी, पण मागच्या दाराला कडी लावली नाहीं. आम्हांला हें गैर वाटत नाहीं. फौजदाराच्या धाकानें सोडवावा असा हा प्रश्नच नव्हे. तो आईबापांनीं आपल्या मनाशीं सोडवावयाचा आहे.

घरच्या शिक्षणाचें श्रेय नाकारणें तर महाराष्ट्राला मुळींच शोभणार नाहीं. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकविलें तें त्यांच्या आईनें, लक्ष्मीबाईंनीं. रमाबाई रानडे १८७३ सालीं अकराव्या वर्षीं सासरीं आल्या, त्यांना अक्षर ओळखतां येत नव्हतें. न्यायमूर्तींनीं त्यांना घरींच शिकविलें, आणि घरांतल्या वडील बायकांचे टोमणे सोसत त्या शिकल्या. सावित्रीबाईंचा पहिला वर्ग जोतीरावांच्या घरचाच. या तिघींना शाळेनें घडविलें नाहीं. घरानें, आणि त्या घरांतील एका माणसाच्या जिद्दीनें घडविलें. गृहशिक्षणाच्या कैवाऱ्यांना याहून मोठे दाखले कोठें मिळावयाचे?

परंतु या तिघींनीं पुढें काय केलें तें पाहावें. सावित्रीबाई १८४८ सालीं पुण्यांत मुलींना शिकवूं लागल्या. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदासदन उघडलें. रमाबाई रानड्यांनीं १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन स्थापिलें. आपल्याला जें घरीं मिळालें तें इतर मुलींनींहि आपापल्या घरींच मिळवावें, असें यांपैकीं एकीनेंहि म्हटलें नाहीं. कारण साधें आहे. शिकविणारी आई, शिकविणारा नवरा हजारांत एकीच्या वांट्याला येतो, हें त्यांच्याइतकें कोणाला ठाऊक असणार? घरीं शिकणें हें त्यांचें भाग्य होतें. त्याला त्यांनीं पद्धति मानलें नाहीं. आज जो सुशिक्षित बाप मुलाला घरीं ठेवण्याचा विचार करतो, त्याचें घर शाळा होऊं शकतें तें मागच्या दोन-तीन पिढ्या शाळेंत गेल्या म्हणून. ही पुंजी त्याच्या एकट्याच्या कमाईची नाहीं.

आतां घरच्या शिक्षणाचा एक परकीय दाखला घेऊं. शिक्षणाच्या इतिहासांत त्याच्याइतका कसून केलेला प्रयोग क्वचितच सांपडेल. जॉन स्टुअर्ट मिल याचें नांव आपल्याकडे आगरकरांच्या काळापासून परिचित आहे. त्याला त्याच्या बापानें तिसऱ्या वर्षीं ग्रीक आणि आठव्या वर्षीं लॅटिन आरंभिलें. मुलगा कधीं शाळेंत गेला नाहीं. बापाचा कटाक्षच असा होता कीं, इतर मुलांच्या संगतीनें येणारे सामान्य दोष याला चिकटूं नयेत, म्हणून त्याला समवयस्कांपासून दूर ठेवावें. प्रयोग यशस्वी झाला, असें कोणीहि म्हणेल. मिलसारखा विचारवंत त्यांतून निघाला. पण हाच मिल १८२६ सालीं, विसाव्या वर्षीं, अशा औदासीन्यांत बुडाला कीं ज्या ध्येयांसाठीं त्याला वाढविलें होतें तीं सारीं उद्यां सफळ झालीं तरी आपल्याला आनंद होणार नाहीं, असें त्याला दिसून आलें. त्या अंधारांतून त्याला बाहेर काढण्यास बापाचें तर्कशास्त्र उपयोगीं पडलें नाहीं. कवितेचें वाचन पडलें. हें त्यानें आपल्या आत्मचरित्रांत बापाविषयीं कृतज्ञता राखून सांगितलें आहे, आणि त्या कृतज्ञतेमुळेंच तें वाचतांना अधिक जड जातें.

मिलच्या दाखल्यावरून घरीं शिकलेलीं सगळीं मुलें उदास होतात असें आम्ही म्हणत नाहीं. शाळेंत जाऊन उदास झालेलीं मुलें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत. आणि २०१६ सालीं मुंबईच्या ज्या मुलीला अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील प्रख्यात तंत्रविद्यापीठानें प्रवेश दिला, तिनें सातवीनंतर शाळा सोडली होती. आईनें नोकरी सोडून तिला घरीं शिकविलें, आणि संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्यें तिनें तीन पदकें मिळविलीं. बारावीचें प्रमाणपत्र नाहीं म्हणून आपल्या आय. आय. टी. चें दार तिला बंद होतें! यावरून शाळेचे कैवारी काय बोध घेतात तें त्यांनींच सांगावें. मिलकडून आम्ही घेतों तो मुद्दा वेगळा आहे. बापाचा हेतु उत्तम, विद्या अगाध आणि श्रम अमर्याद असतांहि एक गोष्ट त्याला मुलाला देतां आली नाहीं. ती म्हणजे बाप नसलेलें माणूस.

यावर थोडें थांबणें अवश्य आहे. घरीं मुलाला जो जो बोलतो तो त्याच्यावर माया करणारा असतो. त्याची चूक क्षमेला पात्र होते ती मायेमुळें, आणि त्याचें कौतुक होतें तेंहि मायेमुळेंच. शाळेंत तें प्रथमच अशा माणसापुढें उभें राहतें कीं ज्याला त्याची विशेष माया नाहीं, आणि तरीहि ज्यानें त्याला न्याय द्यावा अशी अपेक्षा आहे. शेजारच्या मुलाची पाटी आपल्याहून चांगली आहे, नळावर आपला नंबर चौथा आहे, बाईंनीं आज आपल्याला विचारलेंच नाहीं, या गोष्टी क्षुल्लक दिसतात. पण परक्या माणसांत आपली जागा कोणती, हें त्यांतून कळतें. अंकगणित घरीं अधिक चांगलें येईल, याची आम्हांला शंका नाहीं. आपण अनेकांतले एक आहों हें मात्र घरीं शिकवूं पाहिलें तर तें उपदेशाचें रूप घेतें, आणि मुलें उपदेश किती मनावर घेतात हें सर्वांस विदित आहे. यावर गृहशिक्षणवाले म्हणतात कीं, आमचीं मुलें मैदानावर जातात, गाण्याच्या वर्गाला जातात, त्यांना मित्र आहेत. हें खरें; पण ते सर्व निवडलेले मित्र. आईबापांनीं ज्यांना निवडलें नसतें अशांच्या शेजारीं बसविण्याची सोय शाळेपाशींच आहे.

पण या सोयीचा दुसरा अर्थहि आहे, तो विसरून चालणार नाहीं. साताऱ्याच्या शाळेंत (आमच्या शहरालगतचें सातारा नव्हे, पश्चिम महाराष्ट्रांतलें) लहान भीमराव आंबेडकरांना इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावें लागे, आणि नळाला हात लावण्याची त्यांना मनाई होती. परक्यांत आपली जागा कोणती हें त्यांनाहि शाळेनेंच शिकविलें! शाळा ही समतेची भूमि आहे, असें सभेंत ठोकून देणाऱ्यांनीं हें गोणपाट ध्यानांत ठेवावें. आणि तरीहि त्याच बाबासाहेबांनीं १९५० सालीं या शहरांत मिलिंद महाविद्यालय काढलें. आज नागसेनवन म्हणतात तो परिसर त्यांतून वसला. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें बारा वर्षांपर्यंत सक्तीचें प्राथमिक शिक्षण मागितलें. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं कोल्हापुरांत तें सुरू करून मूल शाळेंत न घालणाऱ्या बापाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. ज्यांना शाळेच्या उंबऱ्यावर अडविलें गेलें त्यांनीं आणि त्यांच्या कैवाऱ्यांनीं शाळेचा नाद सोडला नाहीं. उंबराच पाडण्याचा त्यांनीं आग्रह धरला.

आमच्या या शहराची स्वतःचीहि साक्ष याच बाजूची आहे. निजामी राजवटींत हें औरंगाबाद असतांना वरच्या शिक्षणाचें माध्यम उर्दू होतें; १९१८ सालीं निघालेलें उस्मानिया विद्यापीठहि त्याच भाषेचें. ज्या मराठी घरांना आपल्या मुलांची भाषा आणि विचार सुटूं नये असें वाटत होतें, त्यांच्यापुढें दोन मार्ग होते. संध्याकाळीं दिवा लावून आपल्या मुलाला ओवी, मोडी आणि हिशेब शिकवावा हा एक; अनेक घरांनीं तो अर्थातच अनुसरला. पण त्यावर न थांबतां कांहीं लोकांनीं १९१५ सालीं सरस्वती भुवन शाळा काढली. दोन वर्षांनीं अंबाजोगाईस योगेश्वरीची शाळा निघाली, १९२१ सालीं हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा. या दोन्ही ठिकाणीं पुढें स्वामी रामानंद तीर्थ शिकवीत होते. सरकारी शाळा मनाजोगी नाहीं, ही तक्रार त्या पिढीची आपल्याहून कितीतरी खरी होती. त्या तक्रारीवर त्यांनीं शोधलेला उपाय मात्र शेजाऱ्याच्या मुलालाहि पुरेल एवढा मोठा होता.

आज ती तक्रार आहे, पण उपाय लहान झाला आहे. येथें आम्हांला आमच्याच वर्गाविषयीं थोडें कडू बोलणें भाग आहे. गृहशिक्षण करणाऱ्या जोडप्याला समाजविन्मुख म्हणून नांवें ठेवणारे बहुतेक गृहस्थ आपलीं मुलें सार्वजनिक शाळेंतून केव्हांच काढून बसले आहेत. महानगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेंत ज्याचें मूल जातें असा डॉक्टर, वकील वा प्राध्यापक या शहरांत शोधावाच लागेल. भरमसाट फी देऊन आपल्याच उत्पन्नाच्या लोकांचीं मुलें जेथें जमतात तेथें मूल पाठवावयाचें आणि त्याला समाजांत मिसळणें म्हणावयाचें, यापेक्षां घरीं बसून स्वतः शिकविणारा बाप अधिक प्रामाणिक आहे. निदान तो श्रम तरी स्वतःचे वेंचतो. खाजगी शाळांत दुर्बल घटकांच्या मुलांना ज्या २५ टक्के जागा कायद्यानें ठेवल्या, त्यांतून सरकारी किंवा अनुदानित शाळेजवळच्या खाजगी शाळांना वगळण्याचा नियम राज्यानें २०२४ च्या फेब्रुवारींत केला. मुंबई उच्च न्यायालयानें तो जुलैमध्यें रद्द ठरविला. पण मधल्या पांच महिन्यांत आमच्या वर्गांतून त्याविरुद्ध फारसा आवाज उठलेला आम्हांला तरी ऐकूं आला नाहीं.

सार्वजनिक शाळा निकामी झाल्या आहेत, हें गृहीत धरूनच सगळी चर्चा चालते. शहरापासून सुमारें पंचवीस किलोमीटरवर गाडीवाट नांवाचें गांव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेनें मुलांना एखादी परकी भाषा शिकविण्याचें मनांत आणिलें आणि कोणती ती मुलांनाच विचारलें. यंत्रमानवाच्या विद्येची ओढ म्हणून बहुतेकांनीं जपानी निवडली, आणि २०२० सालीं तीं ती शिकूं लागल्याचें सर्वत्र छापून आलें. अशा शाळा थोड्या, हें आम्हीहि जाणतों. पण मुलाला त्याचा स्वतःचा प्रश्न पडावा म्हणून जे शाळा सोडतात त्यांनीं ही गोष्ट विचारांत घ्यावी. तो प्रश्न पाडण्याचें काम येथें एका खेड्यांतल्या सरकारी शाळेनें केलें.

आणि दुसरीकडे पाहावें. दिवाळीच्या सुमारास बीड, जालना आणि आमच्याच जिल्ह्यांतील पैठण-कन्नडकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवराबायकोच्या जोडीला तेथें 'कोयता' म्हणतात, आणि त्या कोयत्यामागून मुलेंहि फडावर जातात. पुढचे चार-पांच महिने मोठी मुलगी कोपीपाशीं धाकट्याला सांभाळते. त्यांच्यासाठीं हंगामी वसतिगृहें आहेत, कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, कोठें चालल्या, कोठें बंद पडल्या. हींहि मुलें आईबापांपाशींच राहतात आणि शाळेबाहेरच वाढतात. ताराबाई मोडकांनीं बोर्डी-कोसबाडला गुरें राखणाऱ्या मुलांमागें कुरणांत शाळा नेली, तशी शाळा यांच्यामागें जाण्याची आजहि गरज आहे. ज्या राज्यांत एकाच वयाचीं दोन मुलें शाळेबाहेर आहेत, एक आईबापांच्या विद्येमुळें आणि दुसरें त्यांच्या कोयत्यामुळें, तेथें पहिल्याच्या आईबापांनीं दुसऱ्याचा विचार अजीबात न करतां निर्णय घ्यावा, हें आम्हांला पटत नाहीं.

तथापि खरी अडचण येथेंच आहे, आणि ती टाळून पुढें जाणें लबाडीचें होईल. शाळा सुधारावी म्हणून मी माझें मूल तींत ठेवूं काय? तत्त्व माझें, आणि तें पाळण्याचे कष्ट सात वर्षांच्या जीवाला! आपल्या मतासाठीं स्वतः उपाशी राहणारा माणूस थोर असेल. मुलाला उपाशी ठेवणारा थोर नव्हे. म्हणून आमचें उत्तर सरसकट नाहीं. ज्या मुलाचा वर्गांत रोज अपमान होतो, ज्याला मार बसतो, ज्याच्या जातीची किंवा व्यंगाची टवाळी होते आणि तक्रार करूनहि ती थांबत नाहीं, त्याला आईबापांनीं त्याच दिवशीं बाहेर काढावें. तेथें समाजऋणाची भाषा कोणी काढूं नये. आजारी मुलाचें आणि ज्याच्या गतीला कोणताच वर्ग पुरत नाहीं अशा विरळा मुलाचें तसेंच. परंतु इजा आणि गैरसोय यांत अंतर आहे. वर्गांत साठ मुलें आहेत, बाई सावकाश शिकवितात, शेजारचा मुलगा शिवी शिकवून गेला, ही गैरसोय झाली. ती भरून काढावयाला शाळा सुटल्यापासून निजेपर्यंतचा वेळ घराच्या हातीं असतोच. तितक्या वेळांत आपल्या आजोबांच्या पिढीनें पाढे, श्लोक आणि पत्रलेखन शिकविलें, आणि दिवसा मूल शाळेंतहि पाठविलें.

शिवाय आईबापांनीं स्वतः शाळेंत जावयाचा एक मार्ग आहे, त्याचा उपयोग सुशिक्षितांनीं क्वचितच केला आहे. २००९ च्या कायद्याप्रमाणें सरकारी व अनुदानित शाळांत जी व्यवस्थापन समिति असते तींत तीन चतुर्थांश सभासद पालकच असावे लागतात, आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास-आराखडा करणें, अनुदान कोठें खर्च झालें तें पाहणें, हें या समितीचें काम. मजुरी बुडवून सभेला आलेल्या बाईपुढें हिशेबाचा कागद ठेवतात आणि ती अंगठा किंवा सही करून जाते. तो कागद ज्याला वाचतां आला असता त्याचें मूल त्या शाळेंत नाहीं, म्हणून तोहि त्या सभेंत नाहीं.

राहतां राहिला तो खुद्द मुलाचा प्रश्न. घर कीं शाळा, हा वाद आईबाप आणि सरकार यांच्यांत चालतो. मिलला कोणी विचारलें नव्हतें आणि कोपीपाशीं बसलेल्या मुलीलाहि कोणी विचारीत नाहीं. सहाव्या वर्षीं विचारणें व्यर्थ असेल. दहाव्या-अकराव्या वर्षीं तें शक्य आहे आणि आमच्या मतें आवश्यक आहे, आणि उत्तर दर वर्षीं बदललें तरी राग मानूं नये. घरीं शिकलेलें मूल उद्यां शाळा मागूं लागलें तर कायदा त्याला नाहीं म्हणत नाहीं. चौथ्या कलमाप्रमाणें, कधीं शाळेंत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयास योग्य अशा वर्गांत घ्यावें लागतें आणि मागें पडलेला अभ्यास भरून काढण्याची सोय करून द्यावी लागते. हें कलम लिहितांना कायदा करणाऱ्यांपुढें ऊसाचे फड होते, वीटभट्ट्या होत्या. ज्याच्या घरीं पुस्तकांचें कपाट आहे असें मूल बहुधा नसावें. पण दार तें एकच आहे, आणि जूनमध्यें दोघांचीं नांवें एकाच हजेरीपटावर चढूं शकतात.